पौषात अडकलेला रोल

नागपुरात थंडी पडली की लोक खुलतात. बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात, गच्चीवर उन्हात बसून साली सोलत दुपारच्या दुपार जातात, पोट्टे मफलरी गुंडाळून चौकात उभे राहतात. मी मात्र या दिवसांत धास्तावते. तशी मी मुळातच धास्तावणारी बाई आहे. दूध गॅसवर ठेवून नुसती पाठ वळवली तरी ते उतू गेल्यासारखं मला वाटतं. पण मार्गशीर्ष सरत आला, सकाळच्या हवेला शेगडीच्या धुराचा वास आला आणि लांब कुठल्या तरी मैदानावर शिट्टी वाजली की जी धास्ती बसते, ती वेगळी. ती जुनी आहे. सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यापासून माझ्याकडे मुक्कामाला आहे.

माझी थोरली अमेरिकेत असते. परवा तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या नातवानं, फोन केला आणि "आजी, हे बघ, मज्जा आहे," म्हणत तिकडचा फुटबॉलचा सामना दाखवला. फुटबॉल नुसतं म्हणायला, पायाचा संबंध फार थोडा. डोक्यावर टोप, खांद्यांवर गाद्या बांधलेल्या, लंबुळका चेंडू छातीशी धरून एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला पाडायचं. मनात म्हटलं, अगं बाई, ही तर आपली कबड्डीच, अंगावर सामान तेवढं जास्त! एकानं रेघेपाशी अंग टाकलं, त्याच्यावर पाचसहा धिप्पाड माणसं कोसळली. पंचानं निकाल दिला. आणि मग सगळा खेळच थांबला. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला तो पंच कडेला जाऊन एका पडद्यात बघत उभा राहिला. तेच पडणं पुन्हा पुन्हा दाखवू लागले, इकडून, तिकडून, वरून, अगदी सावकाश.

"गुडघा आधी टेकला की चेंडू आधी रेघेवर गेला, ते बघतायत," नातू म्हणाला. "बदलतील आता निकाल."

बदलला. अर्धं मैदान नाचलं आणि उरलेल्या अर्ध्यानं त्या पंचाच्या नावानं बोंब ठोकली. नातू त्या उरलेल्या अर्ध्यातला. "चोर आहे तो!" म्हणाला. मी म्हटलं, "अरे, एवढे कॅमेरे लावलेत ना?" तर म्हणतो, "कॅमेऱ्यात नीट दिसलंच नाही ना, आजी!" मी विचारलं, "त्या पंचाची बायको कुठं बसली असेल रे?" नातू हसतच सुटला. त्याला वाटलं, आजी विनोद करते आहे.

आमचे हे कबड्डीचे पंच होते. पोटापाण्याला माग. घरातच खड्डा-माग होता, त्यात पाय सोडून बसायचे आणि सुती पातळं विणायचे. उन्हाळा-पावसाळा मागावरचा माणूस, हिवाळा आला की संध्याकाळी पांढरी विजार आणि पांढरा सदरा घालून, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर. एरवी चार शब्द बोलायचे नाहीत. पण शिट्टी तोंडात असली की यांचं एक बोट वर गेलेलं सगळा मोहल्ला मानायचा. देवरावनं बाद दिला म्हणजे बाद. खेळणारा पैलवान गडी असो, नाहीतर आणखी कोणी, मान खाली घालून बाहेर जायचा. मला त्याचा फार अभिमान होता आणि तेवढीच भीतीही. कारण ज्याचं बोट लोक इतकं मानतात, त्याचं एकदा चुकलं तर?

त्या वर्षी अंतिम सामना लागला तो आमच्या मोहल्ल्याचा आणि उमरेडचा. उमरेड माझं माहेर. तिकडून चढाईला माझा धाकटा भाऊ मधू. आता तुम्ही म्हणाल, मग यांनी पंच व्हायचंच कशाला? मीही तेच म्हटलं होतं. पण झालं असं की दोन्हीकडच्यांनी यांचंच नाव घेतलं. उमरेडचे म्हणाले, देवराव आमचे जावई, आमच्यावर अन्याय करणार नाहीत. मोहल्ल्यातले म्हणाले, देवराव आमचाच पोट्टा, तो काय सासुरवाडीले झुकणार? दोघांनाही ते आपले वाटत होते. मी रात्री म्हटलं, "नाही म्हणा ना. तब्येत ठीक नाही म्हणा." तर म्हणाले, "तब्येत तर ठीक आहे वं माझी." संपलं.

तब्येत खरं तर माझी जपायची होती. मला दिवस गेले होते, दुसरा महिना लागला होता. आदल्या वर्षी एकदा आशा दाखवून हातचं गेलं होतं, आणि तेही चारचौघांत बोलबाला झाल्यावर. म्हणून या वेळी आम्ही दोघांनी ठरवलं होतं, तिसरा सरेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आमच्यात तसंही तिसरा सरल्याशिवाय सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. पण मी तर सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या माउलीच्या पोटात काही राहत नसे, आनंद तर अजिबातच नाही.

अंतिम सामना पाहायला मी गेले. जायला नको होतं, असं नंतर खूपदा वाटलं. पण मैदान गल्लीच्या टोकाला, भाऊ खेळणार, नवरा पंच, घरी बसून कान किती लावायचे? ऊन उतरलं होतं. चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा नुकत्याच आखल्या होत्या. मधल्या रेघेच्या एका टोकाला हे उभे, समोरच्या टोकाला दुसरे पंच. यांच्या डाव्या हाताला, कडुलिंबाखाली, बल्ल्या पुरून दोर बांधला होता, तिथं आम्ही बायका. यांच्या समोर, पलीकडच्या कडेला चौकातले गुलाबराव फोटोवाले कॅमेऱ्याची पेटी गळ्यात अडकवून, जिंकल्याची ढाल कोण घेतं त्याची वाट पाहत उभे.

शेवटचा डाव. गुण बरोबरीत. मधू चढाईला आला. त्याचा दम मला आजही ऐकू येतो, कबड्डी-कबड्डी-कबड्डी, एका श्वासात, मधमाशी घोंघावल्यासारखा. त्यानं एकाला शिवलं आणि वळला, तेवढ्यात आमच्या मोहल्ल्याच्या नत्थूभाऊंनी त्याचा घोटा धरला. नत्थूभाऊ म्हणजे मंडळाचे कप्तान, अंगानं आडवे, आवाजानं उभे. मधू पडला. चौघंपाचजण त्याच्यावर पडले. मधू सरपटत, हात लांब करत, मधल्या रेघेकडे. सगळं मैदान उठलं. आणि मागच्या गर्दीचा असा लोंढा आला की आमच्यापुढचा दोर काडकन तुटला. बायका एकमेकींच्या अंगावर. माझ्या पाठीवर कोणाचा तरी गुडघा बसला. मी दोन्ही हात पोटावर घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले. बाप्पा रे, आता फक्त हे वाचव, बाकी कोणी जिंको.

शिट्टी वाजली. डोळे उघडले तेव्हा यांचा हात उमरेडच्या बाजूनं होता. म्हणजे दम तुटायच्या आत मधूचा हात रेघेला लागला, धरणारे सगळे बाद, सामना उमरेडचा. समोरच्या पंचांना माणसांच्या ढिगाआड काही दिसलं नव्हतं. त्यांनी सरळ हात हलवून तसं सांगितलं. मग नत्थूभाऊ ओरडले, "दम तुटला होता! आधी दम तुटला होता!" आणि मागून कोणी तरी ओरडलं, "सासुरवाडीले देल्ला रे सामना!"

ते एक वाक्य. नंतर जे झालं, ढाल घेताना झटापट, उमरेडकर ट्रकमध्ये बसून पळाले ते, आमच्या पत्र्यावर दगड पडले ते, सगळं मी विसरू शकते. ते वाक्य नाही.

गुलाबरावांनी फोटो काढला होता, ही बातमी दुसऱ्या दिवशी पसरली. अगदी त्याच वेळेला, मधूचा हात लांब झाला तेव्हा. नत्थूभाऊ सकाळीच त्यांच्या स्टुडिओत. "फोटो दाखवा, दूध का दूध होऊन जाईल." पण गुलाबराव म्हणाले, रोल संपला नाही. ढाल देतानाचे, दोन्ही संघांचे फोटो काढायचे होते, ते त्या गोंधळात राहिलेच. अर्धा रोल कोरा. तो संपल्याशिवाय धुवायचा कसा? आणि संपवायचा तर पौष लागलेला! पौषात लग्न नाही, साखरपुडा नाही, मुलगी दाखवायची नाही म्हणून तिचा फोटोही नाही. गुलाबराव म्हणाले, "माघ लागू द्या, पहिल्या लग्नात रोल संपते." जणू त्यांच्या त्या काळ्या पेटीत माझ्या नवऱ्याची इज्जत कुलूप लावून ठेवली होती आणि किल्ली पंचांगवाल्याकडे होती.

तो पौष मी कसा काढला, मला ठाऊक. मागाचा आवाज बदलला होता. एरवी खटक-खटक अशी चाल असायची. आता मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. काठाचे धागे सारखे तुटत होते. हे खाली मान घालून गाठी मारत बसायचे. मी एकदाच विचारलं, "खरंच पोचला होता का हो हात?" वर न पाहता म्हणाले, "शिट्टी वाजवली ना मी." हे काही उत्तर झालं? हो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं! माझ्या मनात किडा वळवळायला लागला. माझ्यासाठी तर नाही ना केलं यांनी? माझा भाऊ म्हणून? आणि लाज वाटते सांगायला, पण एखाद्या वेळी असंही वाटायचं की माझ्यासाठी केलं असेल तर... आणि मग स्वतःचाच राग यायचा.

आत्याबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. तोंडानं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. भांडी घासायला पुढे सरकवायच्या, भाजी निवडायला पुढे टाकायच्या, शब्द नाही. त्यांच्या मते मीच यांचे कान भरले होते. संक्रांतीला मी तीळगूळ केला, काळं लुगडं नेसले, हळदीकुंकवाला गल्लीत घरोघर सांगून आले. बायका आल्या, नाही असं नाही. पण उभ्या उभ्या वाण घेतलं आणि गेल्या. एकीनं तीळगूळ हातावर घेत म्हटलं, "गोड तर बोलतोच वं आम्ही. पण उमरेडचा गूळ जास्ती गोड असंन, नाही का?" दुसऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू फुटेना की रडू. संध्याकाळभर एकच भीती, मनाला इतका घोर लावून घेते आहे, पोटातल्याला काही झालं तर?

कबड्डीचं दुसरं मैदान होतं, तिथले सामने सुरूच होते. त्यांच्या पंचांच्या यादीत यांचं नाव असायचं. त्या वर्षी कोणी बोलवायला आलं नाही. शिट्टी खुंटीवर लटकत होती. तिच्याकडे पाहायचंही आम्ही दोघं टाळत होतो.

शेवटी नत्थूभाऊंनाच दम निघेना. माघाची वाट न पाहता बायको, पोरं, म्हातारे वडील, सगळ्यांना घेऊन ते भर पौषात गुलाबरावांपुढे जाऊन बसले. रोल संपवला. त्यांच्या घरी तो फोटो अजून भिंतीवर आहे. सगळं कुटुंब असं डोळे वटारून बसलंय की पाहणाऱ्याला वाटावं, आता उठून मारतात. पण तेव्हा मला हसू आलं नव्हतं. गुलाबरावांनी फोटो मोठा करून दिला आणि रविवारी सकाळी सगळे आमच्याकडे येणार असा निरोप आला.

आले. मंडळाची चारपाच माणसं, नत्थूभाऊ, गुलाबराव. उमरेडहून मधूलाही बोलावून घेतलं होतं; बिचारा दाराशी चोरासारखा बसला. पुढच्या खोलीत सतरंजी टाकली होती. आत्याबाई भिंतीशी. मी आत चहा टाकला, सगळ्यांना पुरेल एवढा, पितळी परातीत पेले मांडले.

फोटो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरला. कोणी डोळ्यांजवळ नेला, कोणी उजेडाकडे धरला. धूळ, पाठी, पाय, मधूचा ताणलेला दंड. आणि दंडाच्या पुढे, नेमकं जिथं बोटं आणि रेघ असायला हवी, तिथं कोणाचा तरी गुडघा. काही दिसत नव्हतं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली त्या फोटोत काहीच दिसत नव्हतं! अन् दिसलं असतं तरी दम थोडाच ऐकू येणार होता? नत्थूभाऊंनी मधूला विचारलं, "तूच सांग बाप्पा, दम होता का तुझा?" मधू रडवेला झाला. "पाच जण उरावर होते भाऊ. मलेच आठवत नाही."

मला वाटलं, सुटलो. आता उठतील, चहा पितील, जातील. मी परात घेऊन दारात आले. तेवढ्यात नत्थूभाऊंनी फोटो पुन्हा हातात घेतला.

"पण हे पहा ना," ते म्हणाले. "पंच कुठं पाहून राहिले?"

सगळे वाकले. ढिगाऱ्याच्या मागं हे उभे होते, अगदी स्वच्छ आलेले. शिट्टी ओठांत. आणि मान त्यांच्या डाव्या हाताकडे वळलेली. रेघेकडे नजरच नाही. डावीकडे काय होतं, हे त्या खोलीतल्या एकाही पुरुषाच्या ध्यानात नव्हतं. माझ्या होतं.

यांनी फोटो घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. "बरोबर आहे," म्हणाले. "मी रेघ पाहिली नाही. मान परत वळवली तवा मधूचा हात रेघेवर होता. आधी दम तुटला का आधी हात पोचला, मले माहीत नाही."

"माहीत नाही? अन् सामना देऊन टाकला?"

"हाव. चुकलं."

"मग पाहून कुठं राहिले होते?" नत्थूभाऊंचा आवाज चढला. "सांगा ना! कोणी खूण करून राहिलं होतं का तुमच्या सासुरवाडीचं? बोला गा, देवरावभाऊ! तुमच्या बोटावर मोहल्ला चालत होता!"

हे जमिनीकडे पाहत होते. मला कळलं, हे बोलणारच नाहीत. मला शब्द दिला होता ना, तिसरा सरेपर्यंत! उद्यापासून गल्ली यांना बेइमान म्हणेल, जन्मभर म्हणेल आणि हे ऐकून घेतील. मी परात तशीच धरून एक पाऊल आत टाकलं.

"माझ्याकडं पाहून राहिले होते," मी म्हटलं.

सगळ्या माना वळल्या. चारचौघा पुरुषांत असं सुनेनं बोलायची रीत नव्हती. पण एकदा तोंड उघडलं होतं.

"दोर तुटला. बाया अंगावर पडल्या. मी खाली सापडली होती. अन् मले दिवस आहेत, नत्थूभाऊ. तिसरा सुरू आहे. म्हणून पाहिलं त्यांनी."

गुलाबराव उगीचच खिसे चाचपू लागले. मधूनं डोळे पुसले. नत्थूभाऊंनी तो फोटो सतरंजीवर उलटा ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसले. इतका मोठा माणूस, पण त्यांना कुठं पाहावं कळेना. आणि आत्याबाई उठल्या. इतके दिवस शब्द नव्हता त्या बाईच्या तोंडात. सरळ माझ्यापाशी आल्या आणि परात माझ्या हातातून काढून घेतली.

"इतकं जड उचलतं का कोणी? अक्कल आहे का वं तुले?" परात खाली ठेवत त्या म्हणाल्या. "अन् मले सांगाले काय झालं होतं, मी काय वैरीण आहे?"

चहा त्यांनीच दिला. नत्थूभाऊ पेला हातात घेऊन म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर, वहिनी... कोण काय म्हणलं असतं? जाऊ द्या आता. झालं ते झालं. पुढच्या साली पंच तुम्हीच, देवरावभाऊ."

हे उठले. खुंटीवरची शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि नत्थूभाऊंच्या हातावर ठेवली. "निकाल चुकलाच नत्थू," म्हणाले. "कारण कोणतंही असो. उमरेडवाल्यायले मी सांगतो, ढाल परत करतील ते." नत्थूभाऊ नाही-नाही म्हणत राहिले, पण यांनी हात मागं घेतला नाही. शेवटी ती घ्यावी लागली.

सगळे गेले. आत्याबाई मागच्या दारी देवाला काहीतरी नवस बोलत होत्या, तो इथपर्यंत ऐकू येत होता. मी सतरंजी झटकायला घेतली तर यांनी ती ओढून घेतली. आणि मला रडू कोसळलं. इतक्या दिवसांचं. म्हटलं, "सगळे ठेवा म्हणत होते ना? कोणी बेइमान नाही म्हणालं. मग शिट्टी काहून देऊन टाकली?"

यांनी सतरंजीची घडी घातली. चारही कोपरे नीट जुळवले.

"पुन्हा दोर तुटला तर पुन्हा तिकडंच पाहीन म्हणून," म्हणाले. "चहा उरला असंन तर दे जरासा."